टिटॅनियम कार्बाइड का नाही आणि निओबियम नायट्राइड का? शिवाय तुमची फिल्म ११ केल्व्हिनवर का थांबली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने रिॲक्टिव्ह स्पटरिंगने, म्हणजे नायट्रोजन मिसळलेल्या वायूत निओबियमच्या तुकड्यावरून (टार्गेटवरून) अणू उडवून ते दुसऱ्या पृष्ठभागावर बसवण्याच्या पद्धतीने, निओबियम नायट्राइडची फिल्म तयार केली. पुस्तकांत या संयुगाचे क्रांतिक तापमान (ज्याच्या खाली विद्युतरोध शून्य होऊन द्रव्य अतिसंवाहक बनते ते तापमान) १६ केल्व्हिन दिलेले असते, पण तिच्या फिल्मचा रोध ११ केल्व्हिनच्या आसपास शून्यावर आला. तिने दोन गोष्टी विचारल्या आहेत. कार्बाइडे आणि नायट्राइडे ही कठीण, ठिसूळ, सिरॅमिकसारखी द्रव्ये असताना त्यांच्यात अतिसंवाहकता येते कशी, आणि येते तर टिटॅनियम कार्बाइडमध्ये ती का सापडत नाही, ही पहिली. मधले ५ केल्व्हिन गेले कुठे, ही दुसरी.

या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. संक्रमणी धातूंच्या कार्बाइड-नायट्राइडांत रासायनिक सूत्र हे केवळ नाव असते. क्रांतिक तापमान ठरते ते दर धातुअणूमागे किती संयुजा इलेक्ट्रॉन आहेत आणि स्फटिकजालकातल्या किती जागा रिकाम्या राहिल्या आहेत यांवरून. पंचवीसएक वर्षे या फिल्म बनवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ‘निओबियम नायट्राइडचे क्रांतिक तापमान किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या निओबियम नायट्राइडचे?’ असे विचारायला हवे.

आधी कठीणपणाचा गैरसमज दूर करू. ड्रिलच्या टोकावरचा सोनेरी मुलामा तुम्ही वर्कशॉपमध्ये पाहिला असेल. तो टिटॅनियम नायट्राइडचा असतो. हे संयुग २,९०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊन वितळते आणि पोलादाला सहज ओरखडते, पण विजेच्या बाबतीत ते अस्सल धातू आहे. त्याची चांगली फिल्म शुद्ध टिटॅनियमपेक्षाही उत्तम वाहक असते, आणि साडेपाच केल्व्हिनच्या सुमारास ती अतिसंवाहक होते. याचे कारण रचनेत आहे. यांतली बहुतेक महत्त्वाची संयुगे मिठाच्या स्फटिकासारख्या घनाकृती रचनेत बसतात. धातूचे अणू आपापल्या जागी रांगेत असतात आणि त्यांच्यामधल्या अष्टफलकी पोकळ्यांत कार्बनचे किंवा नायट्रोजनचे लहान अणू शिरलेले असतात. धातूच्या डी-कक्षा आणि या लहान अणूंच्या पी-कक्षा एकमेकींत मिसळून जे सहसंयुज बंध तयार होतात, त्यांतून कठीणपणा आणि प्रचंड वितळबिंदू येतो. त्या बंधांत सामावून उरलेले इलेक्ट्रॉन मुख्यतः धातूच्या डी-पट्ट्यात जातात, आणि वाहकता व अतिसंवाहकता त्यांच्याकडून येते.

आता इलेक्ट्रॉन मोजू. टिटॅनियमचे ४ आणि कार्बनचे ४, एकूण ८. झिर्कोनियम कार्बाइड आणि हाफ्नियम कार्बाइड यांचेही ८. हे आठ इलेक्ट्रॉन बंधांच्या पट्ट्यात नेमके मावतात, त्यामुळे फर्मी पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची ऊर्जापातळी) अवस्था-घनतेच्या खोल दरीत, म्हणजे जिथे इलेक्ट्रॉनांसाठी जागा फार थोड्या आहेत अशा ठिकाणी, येऊन थांबते. अतिसंवाहकतेसाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बांधल्या जाव्या लागतात, आणि त्या बांधायला या पातळीवर इलेक्ट्रॉनच थोडे उरतात, म्हणून या तिन्ही कार्बाइडांत नेहमीच्या द्रव हीलियमच्या तापमानाला अतिसंवाहकता दिसत नाही. एक इलेक्ट्रॉन वाढवला की चित्र पालटते. निओबियम कार्बाइड (५ अधिक ४) सुमारे ११ केल्व्हिनला, टँटलम कार्बाइड १० केल्व्हिनच्या थोडे वर, झिर्कोनियम नायट्राइड (४ अधिक ५) १० केल्व्हिनला आणि हाफ्नियम नायट्राइड पावणेनऊच्या आसपास अतिसंवाहक होते. टिटॅनियम नायट्राइडही याच नऊच्या गटात बसते. दहा इलेक्ट्रॉनांवर निओबियम नायट्राइड आहे, १६ ते १७ केल्व्हिन. घनाकृती मॉलिब्डेनम कार्बाइडही दहाचेच, आणि ते १४ केल्व्हिनच्या पुढे जाते, पण ते अस्थिर प्रकारात मोडते आणि उच्च तापमानातून झटकन थंड करूनच हाती लागते.

म्हणजे टिटॅनियम कार्बाइड आणि टिटॅनियम नायट्राइड यांच्यात फरक आहे तो जेमतेम एका इलेक्ट्रॉनचा. वर्गात मी हे उदाहरण आवर्जून देतो, कारण शेजारच्या दोन मूलद्रव्यांची अदलाबदल केल्याने एक द्रव्य अतिसंवाहक होते आणि दुसरे राहून जाते, हे इतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

मात्र इलेक्ट्रॉनांची मोजणी हे सगळे उत्तर नव्हे. व्हॅनेडियम नायट्राइडचेही दहाच इलेक्ट्रॉन आहेत, तरी ते साडेआठ-नऊ केल्व्हिनच्या पुढे जात नाही. व्हॅनेडियमच्या अरुंद डी-पट्ट्यात चुंबकीय परिभ्रमांची चलबिचल जास्त असते आणि ती इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मोडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते व मला ते पटते. शिवाय जोड्या बांधण्याचे काम जालकाची कंपने, म्हणजे फोनॉन, करतात. तेव्हा इलेक्ट्रॉन आणि कंपने यांची गाठ किती घट्ट आहे ते पाहावेच लागते.

या गाठीचा मला सर्वांत प्रिय पुरावा १९७० सालचा आहे. स्मिथ आणि ग्लेझर यांनी न्यूट्रॉन विकिरणाने टँटलम कार्बाइड आणि हाफ्नियम कार्बाइड यांचे फोनॉन वर्णपट मोजले. ही जोडी निवडण्यात मोठी समज होती. हाफ्नियम आणि टँटलम आवर्त सारणीत शेजारी आहेत, त्यांचे अणुभार १७८ आणि १८१, म्हणजे जवळपास सारखे. रचना तीच, कार्बन तोच. नुसत्या वस्तुमानांचा आणि स्प्रिंगांचा हिशेब केला तर दोन्हींची कंपने जवळपास सारखी यायला हवीत. प्रत्यक्षात हाफ्नियम कार्बाइडच्या वक्ररेषा गुळगुळीत आल्या, आणि टँटलम कार्बाइडच्या ध्वनिशाखांत (जालकाच्या ध्वनिलहरींसारख्या कंपनांत) ठरावीक तरंगलांबींना ठळक खळगे दिसले. त्या तरंगलांबींना जालक मऊ पडलेले होते. मऊ पडण्याचे कारण तो नववा इलेक्ट्रॉन. तो कंपनांशी इतका घट्ट जोडलेला असतो की कंपनाची वारंवारताच खाली ओढतो, आणि तीच जोडणी पुढे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बांधते. ज्या संयुगात खळगे आहेत ते अतिसंवाहक, ज्यात नाहीत ते नाही. हे आलेख एकमेकांशेजारी ठेवून एकदा शांतपणे पाहा. बीसीएस सिद्धांताची, म्हणजे अतिसंवाहकता इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांतून समजावणाऱ्या सिद्धांताची, समीकरणे वाचताना जे हाताला लागत नाही ते तिथे डोळ्यांना दिसते.

याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की जालक फार मऊ झाले तर ते कोसळते. हिशेबाप्रमाणे मिठाच्या रचनेतले, पूर्ण भरलेले मॉलिब्डेनम नायट्राइड, म्हणजे अकरा इलेक्ट्रॉन, २९ केल्व्हिनला अतिसंवाहक व्हायला हवे, असे भाकीत १९८१ मध्ये पिकेट, क्लाइन आणि पापाकॉन्स्टान्टोपोलोस यांनी केले होते. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी ते बनवण्याचा प्रयत्न केला, पण ते तापमान कोणाच्याही हाती आले नाही. ती रचना स्वतःलाच पेलत नाही. नायट्रोजनच्या जागा रिकाम्या ठेवून ती तग धरते, आणि जागा रिकाम्या राहिल्या की क्रांतिक तापमान घसरते. निओबियम नायट्राइड या कड्याच्या अगदी काठावर उभे आहे. त्याचे घनाकृती डेल्टा रूप उच्च तापमानालाच खऱ्या अर्थाने स्थिर असते आणि खाली येताना त्याला षट्कोनी रूपांकडे झुकायचे असते. तुमची स्पटरिंगची फिल्म डेल्टा रूपात मिळते, कारण सब्स्ट्रेटवर (फिल्म जिच्यावर वाढते त्या चकतीवर) येऊन पडणाऱ्या अणूंना नीट विचार करून बसायला वेळच मिळत नाही. ते जिथे पडतात तिथे थिजतात. म्हणून तुमचे यश आणि तुमची अडचण एकाच ठिकाणाहून येतात.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याचा तुमच्या फिल्मशी संबंध आहे. बर्लिनमध्ये वाल्टर माइसनर आणि फ्रांझ यांनी १९३० मध्ये कार्बाइडे-नायट्राइडे हीलियमच्या तापमानाला तपासली आणि निओबियम कार्बाइड १० केल्व्हिनच्या घरात अतिसंवाहक असल्याचे दाखवले. शिसे ७.२ केल्व्हिनला अतिसंवाहक होते, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे महत्त्व कळते. निओबियम नायट्राइड १९४१ मध्ये, तेही जर्मनीत, १५ केल्व्हिनच्या आसपास सापडले. त्या काळी द्रव हीलियम दुर्मीळ होते, आणि १५ केल्व्हिन म्हणजे पंपाने दाब कमी केलेल्या हायड्रोजनच्या टप्प्यातले तापमान. त्यामुळेच अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अँड्र्यूज यांनी चाळीसच्या दशकात निओबियम नायट्राइडच्या पट्टीपासून उष्णताप्रारण मोजणारा बोलोमीटर तयार केला. पुढे १९५३ मध्ये मथायस यांनी नायट्रोजनच्या सुमारे तीस टक्के जागी कार्बन घालून क्रांतिक तापमान १७.८ केल्व्हिनपर्यंत नेले. या कार्बोनायट्राइडचे इलेक्ट्रॉन मोजा, ९.७ येतात. दहापेक्षा किंचित कमी, म्हणजे काठापासून थोडे मागे सरलेले, अधिक सुस्थित जालक. मला हा आकडा योगायोगाचा वाटत नाही.

आता रिकाम्या जागांकडे येऊ, कारण तुमचे ५ केल्व्हिन बहुधा तिथेच गेले आहेत. या संयुगांत कार्बन किंवा नायट्रोजन पूर्ण भरला जाणे हा अपवाद आहे. निओबियम कार्बाइडमध्ये कार्बनच्या जागा जवळपास भरलेल्या असतील तर ११ केल्व्हिन मिळतात. दर पाचांतली एक जागा रिकामी राहिली तर हेच संयुग जेमतेम एक-दोन केल्व्हिनवर येते. सूत्र, रंग, एक्सआरडीतल्या (क्ष-किरण विवर्तनातल्या) रेषांचा क्रम, सगळे तेच, फक्त रेषा किंचित सरकलेल्या. नायट्राइडांत गुंता आणखी वाढतो, कारण तिथे धातूच्या जागाही रिकाम्या राहू शकतात. नायट्रोजन जास्त दिला की तो कुठेतरी आगाऊ जाऊन बसतो असे नाही. बहुतेक वेळा निओबियमच्या जागा रिकाम्या राहतात आणि मोजमापात नायट्रोजन जास्त भासतो. झिर्कोनियमच्या बाबतीत नायट्रोजनचा अतिरेक केला तर झिर्कोनियमचे तीन आणि नायट्रोजनचे चार अणू असलेले वेगळेच संयुग तयार होते, आणि ते चक्क विद्युतरोधक आहे.

तुमच्या फिल्मबद्दल माझा पहिला प्रश्न तिच्या जाडीचा आहे. ती ५ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर ११ केल्व्हिन हा चांगला निकाल आहे, आणि तुम्ही काळजी करण्याचे कारण नाही. इतक्या पातळ थरात वरचा एखादा नॅनोमीटर हवेत ऑक्साइड होतो, खालचा एखादा सब्स्ट्रेटशी जुळवून घेण्यात जातो, आणि मधल्या थरात अव्यवस्थेचा परिणाम वाढतो. फिल्म ५० नॅनोमीटर किंवा त्याहून जाड असेल तर मात्र कारण शोधायला हवे.

सर्वांत आधी वायूचे गणित पाहा. निओबियमच्या टार्गेटवर आरगॉन आणि नायट्रोजनचे मिश्रण सोडताना नायट्रोजन हळूहळू वाढवा आणि चेंबरचा दाब व टार्गेटवरचे व्होल्टेज यांची नोंद दर पायरीला ठेवा. सुरुवातीला दाब फारसा वाढत नाही, कारण येणारा नायट्रोजन ताजे निओबियम गिळत असते. मग एका क्षणी दाब एकदम उडी मारतो. टार्गेटच्या पृष्ठभागावरच नायट्राइडचा थर चढलेला असतो. नायट्रोजन परत कमी केला तरी दाब त्याच वाटेने उतरत नाही. चांगली फिल्म या उडीच्या अलीकडच्या अरुंद पट्ट्यात मिळते, आणि तो पट्टा प्रत्येक यंत्रात, प्रत्येक पंपाच्या वेगाला, टार्गेट झिजत जाईल तसा वेगळा असतो. म्हणूनच दुसऱ्याच्या शोधनिबंधातले ‘इतके टक्के नायट्रोजन’ तुमच्या चेंबरमध्ये जसेच्या तसे लागू पडत नाहीत. विद्यार्थी इथेच सर्वाधिक महिने घालवतात.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ. निओबियम ऑक्सिजन इतका आवडीने घेते की स्पटरिंगच्या आधीचा निर्वात थोडा जरी कमी पडला तरी तो फिल्ममध्ये उतरतो. मी एकदा जवळजवळ पाच महिने अशाच फिल्म करत होतो. क्रांतिक तापमान १२ च्या पुढे जाईना. वायूचे प्रमाण, दाब, तापमान, सगळे फिरवून झाले. शेवटी हीलियमने गळती तपासली तेव्हा कळले की नायट्रोजनच्या नळीवरचा एक जोड अत्यंत बारीक गळत होता. चेंबर बंद असताना निर्वात उत्तम दिसे, कारण ती गळती नळीत होती आणि वायू सोडला की ती हवा नायट्रोजनसोबत आत येई. जोड बदलल्यानंतरच्या पहिल्याच फिल्मने १५.४ केल्व्हिन दिले. तेव्हापासून चेंबरबरोबर वायूच्या नळ्याही पंप करून तपासायच्या, हा आमच्याकडचा नियम आहे.

सब्स्ट्रेटही महत्त्वाचा आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडचे जालक ४.२१ अँगस्ट्रॉमचे आणि निओबियम नायट्राइडचे ४.३९ च्या आसपास. जुळणी परिपूर्ण नाही, पण दोन्हींची रचना मिठासारखीच असल्याने सहाशे अंश सेल्सिअसच्या सुमारास तापवलेल्या या स्फटिकावर फिल्म त्याच्याच दिशेत वाढते. काच किंवा साध्या सिलिकॉनवर, तापवल्याशिवाय वाढवलेल्या फिल्ममध्ये लहान लहान कण आणि त्यांच्यामधल्या सीमा येतात, आणि तापमान खाली येते. तुमच्याकडे सिलिकॉनच असेल तर निराश होऊ नका, पण अपेक्षा त्या मानाने ठेवा.

मोजमापाबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. नमुना हीलियमच्या डेवरमध्ये (थर्मासासारख्या भांड्यात) दांडीवरून खाली सोडताना थंड होतानाची आणि गरम होतानाची रेषा दोन्ही काढा. दोन्हींत अर्ध्या केल्व्हिनचा फरक दिसला तर तापमापक आणि नमुना एकाच तापमानाला नाहीत, हे समजा. तापमापक तांब्याच्या ठोकळ्यात नमुन्याच्या अगदी मागे बसवा, वेग कमी करा, चारही तारा स्वतंत्र लावा. चांदीचा रंग सांडून दोन तारा जोडल्या गेल्या तर खोलीच्या तापमानालाही शून्याजवळचा रोध दिसतो, ही चूक वाटते त्यापेक्षा अधिक वेळा होते. शक्य असल्यास दोन कॉइलच्या पद्धतीने चुंबकीय प्रतिसादही मोजा. रोध शून्य व्हायला एक अखंड वाट पुरते. चुंबकीय क्षेत्र बाहेर टाकायला बहुतेक सगळी फिल्म अतिसंवाहक असावी लागते.

आणि एक आकडा तुमच्या वहीत आधीच असेल, तो पाहा. ३०० केल्व्हिनचा रोध भागिले २० केल्व्हिनचा रोध. शुद्ध धातूत हे गुणोत्तर मोठे असते. निओबियम नायट्राइडच्या उत्तम फिल्ममध्येही ते एकाच्या आसपास असते, आणि अव्यवस्था वाढली की एकाच्या खाली जाते, म्हणजे थंड होताना रोध वाढत जातो. तुमचे गुणोत्तर ०.७ असेल तर अडचण इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्यात आहे; एकाजवळ असूनही तापमान ११ असेल तर मला भलत्याच रूपाचा, कमी नायट्रोजनच्या नायट्राइडचा, संशय येईल आणि मी एक्सआरडीकडे वळेन.

अव्यवस्था म्हणजे नेहमी अपयश नव्हे, हेही लक्षात ठेवा. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने निओबियम नायट्राइडच्या फिल्ममध्ये निओबियमच्या रिकाम्या जागा मुद्दाम वाढवत नेल्या. क्रांतिक तापमान १६ केल्व्हिनपासून थेट एक केल्व्हिनच्याही खाली नेत त्यांनी प्रत्येक टप्प्यावर सूक्ष्म टोकाने इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या तपासल्या. फार अव्यवस्थित फिल्ममध्ये रोध शून्य नसतानाही जोड्यांची खूण असलेली ऊर्जा-दरी शिल्लक दिसली. जोड्या बांधलेल्या असतात, पण त्यांची लय एकमेकींशी जुळत नाही. ज्या फिल्म दुसऱ्या कोणी टाकून दिल्या असत्या त्यांतून हे ज्ञान आले.

व्यवहारातही तुमचे पातळ, अव्यवस्थित निओबियम नायट्राइडच हवे असते. त्यातल्या जोड्यांचा विस्तार सुमारे ५ नॅनोमीटर इतका लहान असल्याने इतक्या पातळ थरातही अतिसंवाहकता टिकते. मॉस्कोच्या गोल्ट्समान आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा थरातून दोनशे नॅनोमीटर रुंदीची पट्टी कोरून एकेक फोटॉन मोजून दाखवला. पट्टीतून क्रांतिक मर्यादेच्या जरा खालचा प्रवाह सोडलेला असतो. एक फोटॉन पडला की त्या ठिकाणच्या जोड्या मोडतात, पट्टीला क्षणभर रोध येतो आणि बाहेर एक स्पंद मिळतो. इलेक्ट्रॉन आपली उष्णता जालकाला पिकोसेकंदांच्या हिशेबात देऊन मोकळे होतात, आणि पट्टी पुढच्या फोटॉनसाठी लवकर तयार होते. हर्शेल अवकाश दुर्बिणीतल्या उच्च वारंवारतेच्या ग्राहकांतही निओबियम नायट्राइडचे बोलोमीटर होते. चाळीसच्या दशकातल्या त्या पट्टीचेच हे वंशज आहेत.

तेव्हा सध्याची फिल्म टाकून देऊ नका. तिची जाडी, रोधाचे गुणोत्तर आणि एक्सआरडीतला जालकाचा आकडा लिहून काढा. मग वायूच्या नळ्या तपासून, बाकी काहीही न बदलता, फक्त नायट्रोजन बदलत दाबाच्या उडीच्या अलीकडे सहा फिल्म करा आणि सहाही त्याच दांडीवर, त्याच वेगाने मोजा. क्रांतिक तापमानाचा शिखरबिंदू त्या सहांत दिसला, तर तो किती केल्व्हिनवर आला आणि तिथे व्होल्टेज किती होते ते मला कळवा.